उरलेल्या भागाची वाढ

माझ्या उजव्या बरगडीखाली फिरणारे ते थंड, बुळबुळीत यंत्र एकाएकी थांबले आणि पडद्याकडे पाहत सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले, “अरे वा! भरलं की हो जवळजवळ.” मी टेबलावर उताणा पडलो होतो, सदरा गळ्यापर्यंत गुंडाळलेला होता आणि पोट चिकट द्रवाने माखलेले होते. अशा अवस्थेत माणसाने वाद घालू नये, हे मला कळते. तरीही मी विचारले, “जवळजवळ म्हणजे किती?” डॉक्टर हसले. “सर, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता ना? मला वाटलं गणित.” मग त्यांनी पडद्यावर दोन-तीन फुल्या मारून माप घेतले आणि आकडा सांगितला: बाराशे नव्वद मिलिलिटर. मूळचे माझे यकृत चौदाशे साठ. तीन महिन्यांपूर्वी नव्या मुंबईच्या रुग्णालयात त्याचा उजवा भाग कापून माझी थोरली बहीण भाग्यश्री हिच्या पोटात बसवला, तेव्हा माझ्यापाशी उरले होते सहाशे साठ. सहाशे साठावरून बाराशे नव्वद! आणि या नव्वद दिवसांत मी वर्गात उभा राहून शिकवले होते, उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, भिसेगावच्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून तीनदा भांडलो होतो. यांपैकी कोणत्याही क्षणी माझ्या आत काही बांधले जात आहे हे मला जाणवलेही नव्हते. मी उठून बसलो, कागदी रुमालाने पोट पुसले, आणि तो आकडा डॉक्टरांकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. विद्यार्थिदशेत बोर्डावर लावलेल्या यादीत स्वतःचे नाव वरून तिसरे दिसल्यावरही मी ते असेच पुन्हा पुन्हा वाचले होते.

कर्जतच्या बाजारपेठेतून मी चालू लागलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऊन कोवळेच होते, भाजीवाल्या ओरडत होत्या, एक टेंपो उलटा येत होता आणि त्याचा चालक मला हात करून बाजूला व्हायला सांगत होता. पण मी रस्त्याच्या मधोमध सदऱ्यावरून बरगडीखालचा व्रण चाचपीत उभा होतो. लोक मला सांगत आले की कापलेला भाग पुन्हा उगवतो. हे विधान चुकीचे आहे आणि चुकीची विधाने मला सहन होत नाहीत. कापलेला भाग उगवत नाही. पालीच्या शेपटीशी या गोष्टीचा काही संबंध नाही. उरलेला भाग वाढतो आणि गेलेल्याचे काम अंगावर घेतो. हे मला यकृतविकाराच्या डॉक्टर ऋतिका यांनी समजावले होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी धाकटी ती मुलगी, पण तिची वाक्ये पूर्ण असत आणि क्रियापद शेवटी जागेवर पडे, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. ती म्हणाली होती की आतड्यांकडून येणारे सगळे रक्त पूर्वी अख्ख्या यकृतातून वाहत असे. ते आता लहानशा तुकड्यात घुसते, आणि तो ताण पेशींना कळतो. मग एक पेशी दुसरीला निरोप धाडते. प्रथिनांचे निरोप, रक्तातून जाणारे, शेजारून शेजारी जाणारे: वाढा. वर्षानुवर्षे निवांत असलेल्या पेशी जाग्या होतात, स्वतःची नक्कल करतात, दोनाच्या चार होतात. आणि शरीराला पुरेल एवढे झाले की निराळा निरोप येतो: पुरे. “हे पुरेसं झालं, असं मोजतो कोण?” मी विचारले होते. “ते अजून पूर्ण कळलेलं नाही,” ती म्हणाली. मी रात्रंदिवस त्या उत्तराशी भांडत आलो आहे. इतके अचूक वाक्य, आणि त्याला पूर्णविराम देणारा अज्ञात!

ताईच्या यकृतात “वाढा” हा निरोप वीस वर्षे थांबला नव्हता. बी प्रकारच्या काविळीचा विषाणू तिच्या रक्तात केव्हा शिरला हे कोणालाही सांगता आले नाही. तो पेशी मारीत राहिला आणि यकृत त्या भरून काढीत राहिले. जखम, वाढ, व्रण. पुन्हा जखम, पुन्हा वाढ. एकच पोथी एकाच लेखनिकाने लक्ष वेळा उतरून काढावी तसे ते चालले असणार. आणि लक्ष वेळा उतरताना एखादे अक्षर चुकणारच, चुकलेलेच पुढे उतरले जाणार. अशा चुकांतून शेवटी एक पेशी निपजली, जिला “वाढा” तेवढे ऐकू येई आणि “पुरे” ऐकू येत नसे. तिची गाठ झाली, मग दुसरी झाली. ज्या गुणाने मी आज बाजारात ताठ मानेने उभा होतो, त्याच गुणाने ताईला कर्करोग झाला होता. हे मला प्रथम कळले तेव्हा मी रुग्णालयाच्या उपाहारगृहात ताडकन उभा राहिलो होतो, हातातला चहा लवंडला होता, आणि भाचा रूपेश घाबरून विचारीत होता, “मामा, चक्कर आली का?” रूपेशचा रक्तगट जुळत नव्हता, माझा जुळत होता. यकृत देण्याचा निर्णय घ्यायला मला एक तास लागला. त्याआधीचा एक तास मी संमतिपत्रातील भाषेच्या चुका दुरुस्त करण्यात घालवला.

यकृत भरल्याची ही बातमी ताईला फोनवर सांगण्यासारखी नव्हती. मी झाकीरला बोलावले. झाकीर आमच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्याची ईको गाडी भाड्याने चालते, आणि गेल्या तीन महिन्यांत रुग्णालयाच्या सगळ्या फेऱ्या त्यानेच केल्या. लोधिवलीला ताईकडे जायचे म्हणताच त्याने कारण विचारले. मी आकडा सांगितला. त्याने स्टिअरिंगवर थाप मारली.

“मंजे पुन्ना आली? सर, तुमी तर कमाल हाय. लोक बहिणीला भाऊबीजेला साडी देतात. तुमी कलेजी दिली, आन वर तुमची तुमाला परत!”

“यकृत म्हण, झाकीर.”

“बकऱ्याची आसती तर यकृत बोलून कुणी घेतली आसती का? माजी बायको हमिदा तर रोज इचारते, सर जेवतात का नीट? मी बोललो, जेवतात, भांडतात, दोनी चालू हाय. मंजे तब्येत ठीक.”

चौक गावच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी भात कापून झाला होता. शेतांत भारे रचलेले होते आणि कापलेल्या धसांमधून बगळे चालत होते. तो वास गाडीत शिरला आणि मी मनाने पोशीरला जाऊन पोचलो. आमच्या घरची शेती तिथली. ताईची शाळा सातवीला सुटली; माझी सुटू नये म्हणून सुटली हे मला फार उशिरा कळले. ती लावणी करी आणि मी बांधावर बसून तिला माझा धडा मोठ्याने वाचून दाखवी. ती चिखलात वाकलेली, हातात रोपांची मूठ, पाठीला ऊन, मी थांबलो की न वळता म्हणे, “पुढं.” एकदा मी मजेसाठी पुस्तकात नसलेलेच एक वाक्य रचून वाचले, की बेडूक हिवाळ्यात दगड होतात आणि पावसाळ्यात परत बेडूक होतात. कित्येक महिने ती दगड जपून उचलून बांधावर ठेवीत असे. माझ्या तोंडून नीट बांधलेले वाक्य आले की ते खरेच असले पाहिजे, असा तिचा समज त्या बांधावर पक्का झाला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझाही. शस्त्रक्रियेनंतर दर रविवारी मी तिला फोन करी आणि त्या आठवड्यात जे वाचले असेल ते सांगे. ती ऐके. मधूनच म्हणे, “पुढं.” पन्नाशीला आलेली ती बाई, मी चव्वेचाळीसचा, मधे तेवढी वर्षे गेलीच नव्हती. सदऱ्याच्या आत माझा व्रण खाजत होता आणि त्या खाजेतही मला सुख वाटत होते. मला वाटले, लोधिवली येईपर्यंतही दोन-चार पेशींची भर पडेल.

ताईच्या ओटीवर एक म्हातारी बशीतून चहा पीत बसली होती. वरच्या ठाकूरवाडीची ठमी. या भागात काविळीची माळ बांधते, हे मला ठाऊक होते. आणि तिच्या शेजारी, दाराच्या चौकटीला टेकून, ताई बसली होती. तिच्या कपाळावरून कानांमागे काड्यांच्या बारीक तुकड्यांची ओवलेली माळ होती. ती हसली तेव्हा मी तिचे डोळे पाहिले. बुबुळांभोवतीचा पांढरा भाग हळदीच्या पाण्यासारखा झाला होता. हातातला अहवालाचा लिफाफा मी पाठीमागे नेला. का नेला, मला सांगता येणार नाही.

“हे केव्हापासून?” मी विचारले.

“तीन दिस झालं. येवढं काय नाय रं. ये जगू, बस.”

मी बसलो नाही. मी ठमीकडे वळलो. त्यानंतर जे बोललो ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. काड्या वाळतात, आक्रसतात, म्हणून दोऱ्याची गाठ सैल पडते आणि माळ लांबते. तिच्या लांबण्याचा काविळीशी सुतराम संबंध नाही. अज्ञानाचा व्यापार करणाऱ्यांमुळे माणसे मरतात. पोटात काय काय पाला दिला ते आत्ताच्या आत्ता सांगा. ठमीने बशी खाली ठेवली. पदराने ओठ टिपले.

“झालं मास्तर? काड्या वालत्यात त्ये माला म्हाईत नाय व्हय? माज्या सासूनं पयल्या दिशीच सांगलेलं. मानसाला निसतं पडून ऱ्हावत नाय, काय तरी लांबताना दिसलं की धीर येतो, मंग पथ्य पालतो. पोटात म्या कायबी दिलं नाय. पोट कापलेल्या मानसाला मी पाला देन? येडी हाय मी?”

“मग?”

“मंग तुमच्या भैनीला इचारा. म्या कालच सांगलं, भागीबाय, दवाखान्याची गोली सोडली आसंल तर धर. माला बोलली, माजा भाव शिकलेला हाय, त्यो तुज्यापक्षी जास्ती जानतो.”

मी ताईकडे पाहिले. ती नख खरवडीत होती.

“कोणती गोळी सोडलीस?”

“पांढरी. बाकी समद्या घेते मी. नाय म्हंजे नाय, देवाशपथ घेते.”

“का?”

“तूच तर सांगलंस.”

“मी? मी कधी सांगितले?”

“दोन रयवार मागं. तू बोललास, ताई, गंमत बग, ती पांढरी गोळी वाढीचा निरोपच दाबून ठेवते. आन त्याच्याच आदी बोललेलास, माजं मागल्या तपासणीत हजाराच्या वर गेलं, तुजं किती? माजं वाढंना, जगू. दवाखान्यातली बाई बोलली, आठशे-साडेआठशेच हाय. मंग मी इचार केला, रोज गोळी घ्यायची आन रोज वाढ दाबायची, हे कशाला? तू आपल्या आंगातनं काडून दिलंस. त्ये माज्यात खुरटलं तर लोक काय बोलतील? मी काय बोलू तुला?”

वाक्य माझेच होते. एकेक शब्द माझा. “गंमत बघ” सुद्धा. त्या रविवारी मी गॅलरीत उभा राहून बोललो होतो आणि तो शोध मला इतका सुंदर वाटला होता की मी दोनदा सांगितला: तिच्या शरीरातील पहारेकरी पेशी माझ्या यकृताला परके समजून त्यावर चालून जाऊ पाहतात, ती गोळी त्यांना वाढू देत नाही, आणि जुन्या गाठीची एखादी चुकार पेशी कुठे दडली असेल तर तिलाही वाढू देत नाही, एका निरोपाची गळचेपी आणि दोन शत्रूंचा बंदोबस्त. पण हे सगळे मी तिला सांगितले होते का? मी आठवू लागलो. दाराशी विमलबाई आली होती, दुधाचा हिशेब विचारीत होती. मी फोन कानाला धरून तिच्याशी बोललो. परत ताईकडे वळलो तेव्हा माझ्याच अहवालाकडे आलो. पहिले वाक्य मी बांधले होते, दुसरे राहिले होते. आणि ती चिखलात वाकलेली मुलगी “पुढं” म्हणाली नव्हती, कारण तिला पहिलेच पुरेसे वाटले. अकरा दिवस तिने ती गोळी पत्र्याच्या डब्यात साठवली होती, टाकली नव्हती. महाग असते म्हणून.

विलक्षण गोष्ट ही, की सकाळचा तो आनंद गेला नाही. तो तसाच अंगात धावत होता, फक्त त्याने तोंड फिरवले. मी ताईला उचललेच म्हणा ना. ठमीने तिची चप्पल गाडीत टाकली आणि कागदांची पिशवी माझ्या हातात कोंबली. “मास्तर,” ती म्हणाली, “आता वाटंत तिला बोलू नगा कायबी.” झाकीरने पनवेलच्या बाजूने रुग्णालयाकडे गाडी अशी सोडली की मला त्याचा वेग मोजण्याचेही भान राहिले नाही. ताई खिडकीशी बसली होती. तिच्या उजव्या बरगडीखाली माझे आठशे मिलिलिटर होते आणि त्यांच्यावर या क्षणी चढाई चालली होती. जिला मी ओळखत होतो तिच्याच पेशी, ज्यांना मी ओळखत होतो त्या माझ्याच पेशींवर. मला वाटले, मी तिथे ओरडून सांगावे. काय सांगावे? वाढा? थांबा? कोणाला सांगावे? मी माझ्या आयुष्यात प्रथमच एक वाक्य तोंडापर्यंत आणून गिळले.

डॉक्टर ऋतिका यांनी ताईला तपासले, रक्त घेतले, आणि मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरील माळेवर थांबली. आम्ही ती काढायला विसरलो होतो.

“झाडपाला घेतला का पोटात? काढा, चूर्ण, काही?”

ताई काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. आणि मला कळले की ती मला वाट करून देते आहे. लहानपणी मी घागर फोडली तेव्हा दिली होती तशीच. डॉक्टर लिहू लागल्या. “पाल्यानं यकृताला सूज येते तेव्हा आम्ही आधी तो बंद करतो, दोन दिवस वाट बघतो. इतक्यात घाई करत नाही,” त्या म्हणाल्या. दोन दिवस! ती माळ तिथे होती, ती म्हातारी अडाणी होती, ओटीवर मी उच्चारलेले सगळे निर्दोष शब्द अजून गरम होते. आणि एका मौनाच्या बदल्यात ते सगळे खरे ठरणार होते.

“पाला नाही,” मी म्हणालो. “माळ काड्यांची आहे, तिने काही होत नाही. तिने पांढरी गोळी अकरा दिवस घेतलेली नाही. गोळी वाढ रोखते असे मी तिला सांगितले. का रोखते ते सांगितले नाही. चूक माझी आहे.”

डॉक्टरांनी मान वर केली. त्या काही बोलतील अशी माझी अपेक्षा होती. मी शिक्षेला तयार होतो, कदाचित तिची वाटही पाहत होतो. पण त्यांनी लिहिलेले खोडले, परिचारिकेला हाक मारली आणि भराभर सांगू लागल्या: सुईने तुकडा घेऊन तपासायचा, पण निकालाची वाट पाहायची नाही, पहिले इंजेक्शन आत्ता. दारातून बाहेर पडता पडता त्या म्हणाल्या, “बरं झालं आत्ता बोललात.” ते वाक्य अपुरे नव्हते.

इंजेक्शने तीन दिवस चालली. सुईच्या तपासणीतही तेच निघाले: शरीराने यकृताला नाकारायला सुरुवात केली होती, पण ते फार आत शिरलेले नव्हते. पहिल्या दिवशी पित्ताचा आकडा सहा पूर्णांक आठ, दुसऱ्या दिवशी सहा, आणि मी मार्गिकेत उभा राहून त्या शून्य पूर्णांक आठाच्या फरकासाठी रूपेशला मिठी मारली, तो कामगार वेशात सरळ कारखान्यातून आला होता, त्याच्या खिशातला पाना माझ्या व्रणाला टोचला. तिसऱ्या दिवशी सकाळी चार पूर्णांक एक. मला धावत सुटावेसे वाटत होते. डॉक्टर ऋतिका खोलीत आल्या, ताईच्या खाटेवर बसल्या आणि तिला म्हणाल्या, तिच्या पोटात आठशे सत्तर आहे आणि तिच्या उंची-वजनाला तेवढे बहुतेक पुरेसे आहे. शरीराला पुरले की ते आपण होऊन थांबते, भावाच्या आकड्याशी त्याची शर्यत नाही. ताईने ते दोनदा ऐकून घेतले. मग विचारले, “म्हंजे खुरटलं नाय?” “नाही खुरटलं,” डॉक्टर म्हणाल्या. ताईने उशीत तोंड खुपसले आणि बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले.

डॉक्टर गेल्यावर मी पांढरी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. आतून मी उसळत होतो. रक्ताचा आकडा का उतरला, ते पहारेकरी मागे कसे हटले, आठशे सत्तर हा आकडा किती सुंदर आहे, सगळे माझ्या जिभेवर रांगेत उभे होते, क्रियापदांसकट. मी तोंड उघडले.

“थांब रं,” ताई म्हणाली. “आदी गिळू दे.”

तिने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली, मान मागे टाकली. मग लहान पोराने दाखवावे तसे तोंड उघडून मला रिकामी जीभ दाखवली.

“हां,” ती म्हणाली. “आता बोल. आन ह्या येळला पुरतं बोल.”